सोसायटीच्या जुन्या पीसीची हार्ड डिस्क जातेय का? आकडे देत आहे, टॅलीचा डेटा वाचवायचा आहे

कोपरी_खजिनदार

नमस्कार मंडळी,

ठाणे पूर्वेला, कोपरीत, आमच्या सोसायटीच्या ऑफिसात २०१२ साली घेतलेला असेंबल्ड पीसी आहे. आय३-२१२० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची साडेतीन इंची डिस्क (७२०० आरपीएम). विंडोज ७, टॅली ईआरपी ९. मशीनला इंटरनेट नाही. बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये) सॅटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलण्याची पद्धत, ‘आयडीई’ (जुनी पद्धत) दिसतो.

गेल्या तीन आठवड्यांपासूनची लक्षणं:

विंडोज सुरू व्हायला ७-८ मिनिटं लागतात. टॅलीत कंपनी उघडताना सगळं थिजतं आणि डिस्कचा लाल दिवा न लुकलुकता सलग पेटून राहतो. थिजलेलं असताना कधीकधी टक्... टक्... असा आवाज येतो, पाच-सहा वेळा, मग थांबतो. एकदा सकाळी काळ्या स्क्रीनवर ‘योग्य बूट डिव्हाइस निवडा’ असा संदेश आला, बंद करून चालू केल्यावर नीट सुरू झालं. दोनदा चेकडिस्क आपोआप लागला आणि दोन्ही वेळा मी कळ दाबून तो टाळला. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या चुकांच्या नोंदीत) ‘डिस्क’ या नावाखाली इव्हेंट ७ (खराब ब्लॉक) बऱ्याच वेळा आणि इव्हेंट ११ (कंट्रोलरची चूक) काही वेळा आहे.

क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पिवळा ‘कॉशन’ (सावधान) येतो. रॉ व्हॅल्यूच्या रकान्यातले आकडे, पुढची शून्यं सोडून:

०५: २८
०९: ५ई२बी
०ए: ०
सी५: १०
सी६: १०
सी७: १ए३
तापमान ४४ अंश

दुकानदाराने फोनवर सांगितलं की आधी चेकडिस्क पूर्ण चालू द्या, नाही जमलं तर फॉरमॅट मारून देतो. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची आहे, ताळेबंद, सदस्यांची थकबाकी सगळं याच मशीनवर. टॅलीचा शेवटचा बॅकअप पेनड्राइव्हवर आहे, पण तो एप्रिलचा. ‘डी’ ड्राइव्हवर दर आठवड्याची कॉपी आहे. नोटिसा श्रीलिपीत टाइप केलेल्या आहेत.

डिस्कच खराब आहे हे कसं ठरवायचं? आणि चेकडिस्क चालवू का?

---

ऐरोली_बेंच

चेकडिस्क चालवू नका. तुम्ही दोन्ही वेळा तो टाळलात तेच बरोबर होतं. फॉरमॅट तर मुळीच नाही. आत्ता पीसी शटडाउन करा आणि पुढचं वाचेपर्यंत चालू करू नका.

चेकडिस्क हे फाइल सिस्टिमची नोंदवही दुरुस्त करणारं साधन आहे, डिस्कची तपासणी करणारं नव्हे. एखादा सेक्टर (डिस्कवरचा साठवणीचा छोटा कप्पा) वाचता आला नाही की तो त्या फाइलची नोंद छाटतो, तुकडे ‘फाउंड.०००’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकतो, आणि हे सगळं त्याच आजारी डिस्कवर लिहितो. आज जो सेक्टर दहाव्या प्रयत्नात कदाचित वाचला गेला असता, त्याची फाइलच उद्या जागेवर नसेल. शिवाय सगळी डिस्क चाळताना हेडला (तबकडीवरून वाचणाऱ्या भागाला) जे तासन्‌तास राबावं लागतं ते वेगळंच.

आता आकडे. क्रिस्टलडिस्कइन्फो मुळात हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पायावर आकडे दाखवतो. त्यामुळे तुमचा सी५ हा दहा नाही, सोळा आहे. ‘फंक्शन’ मेनूत ‘अ‍ॅडव्हान्स्ड फीचर’मध्ये ‘रॉ व्हॅल्यूज’ १० वर केलं की नेहमीचे आकडे दिसतात, पण त्यासाठी मशीन पुन्हा चालू करू नका, मी उलगडून देतो.

०५ = ४०. इतके सेक्टर डिस्कने आधीच बाद ठरवून राखीव जागेतले दिले आहेत. ते प्रकरण मिटलेलं आहे.

सी५ = १६, सी६ = १६. हे खरं दुखणं. हे सेक्टर आत्ता वाचता येत नाहीत, पण डिस्कने अजून ते बदललेले नाहीत, कारण त्यात काय होतं हे तिलाच कळत नाही. त्या जागी काही नवीन लिहिलं जाईपर्यंत ती वाट बघते. ज्या क्षणी टॅली त्या जागेवर वाचायला जातं, त्या क्षणी डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते आणि स्क्रीन थिजते. टक्-टक् आवाज त्याच प्रयत्नांचा असण्याची शक्यता मोठी, हेड मागे जाऊन परत येतं.

०९ = २४,१०७ तास. रोज ८ तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर सुमारे १० वर्षं. म्हणजे डिस्क बहुधा मूळचीच आहे.

०ए = ०, म्हणजे मोटर पहिल्या झटक्यात फिरते. चांगली बातमी.

सी७ = ४१९. याबद्दल दुसरं कोणी लिहीलच, पण हा आकडा डिस्कच्या तबकडीचा नसून केबलचा आहे.

एक बारकावा. सी५ आठच्या पटीत वाढत असेल तर समजायचं की डिस्क आतून ४०९६ बाइटचे सेक्टर वापरते आणि बाहेर ५१२ बाइटचे दाखवते. तुमचे १६ म्हणजे प्रत्यक्षात तबकडीवरच्या दोनच जागा. घाबरण्यासारखा आकडा नाही, पण तो वाढतोय की थांबलाय यावर सगळं अवलंबून आहे.

---

नेरुळ_सेक्टर१९

थोडा वेगळा मुद्दा. सी७ चे ४१९ बघून डिस्क मोडीत काढण्याआधी केबल आणि वीज तपासायला हवी, नाहीतर नव्या डिस्कवरही तोच त्रास होईल.

सी७ म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेत बिघडलेली पाकिटं. पाकीट बिघडलं की पुन्हा पाठवलं जातं, त्यामुळे सहसा डेटा जात नाही, वेळ मात्र जातो. २०१२ च्या आसपासच्या स्वस्त लाल सॅटा केबलना बऱ्याचदा धातूची खटकी नसायची. पंख्याच्या थरथरीने आणि उन्हाळा-पावसाळ्याच्या फेऱ्यांनी ती अर्धा मिलिमीटर सरकते. आपल्याकडे खाडीची हवा, त्यामुळे संपर्कांवर थर बसतो तो वेगळा.

आणि तुमच्या केसमध्ये सी७ चा एक आडपरिणाम होऊ शकतो जो फार लोकांना माहीत नसतो. सॅटा ‘आयडीई’ मोडमध्ये आहे म्हणालात. या मोडमध्ये विंडोजला वाटेत चुका मोजून सहा सापडल्या की ते डीएमए ही जलद पद्धत सोडून एकेक पायरी उतरत पीआयओ या संथ मोडवर येतं. मग डिस्क ठणठणीत असली तरी वेग सेकंदाला ३-४ मेगाबाइटवर येतो आणि विंडोज उघडायला ७-८ मिनिटं लागतात. अगदी तुमचंच लक्षण. बघायची जागा: डिव्हाइस मॅनेजर, ‘आयडीई एटीए/एटापी कंट्रोलर्स’, त्यात ‘एटीए चॅनल ०’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’, आणि तिथे ‘करंट मोड’. ‘अल्ट्रा डीएमए मोड ५’ किंवा ६ हवं. ‘पीआयओ’ दिसलं तर तो चॅनल अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट केल्यावर विंडोज मोजणी नव्याने सुरू करतं.

वीज अशी तपासा. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर. एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) मोकळ्या चार पिनी मोलेक्स कनेक्टरमध्ये काळी प्रोब काळ्या तारेला, लाल प्रोब आधी पिवळ्या, मग लाल तारेला. पिवळी १२ व्होल्ट: ११.४० ते १२.६० मध्ये हवी. लाल ५ व्होल्ट: ४.७५ ते ५.२५. नुसतं चालू असताना नव्हे, पीसी सुरू करतानाच्या पहिल्या दहा सेकंदांत आकड्याकडे बघा, कारण साडेतीन इंची डिस्कची मोटर उचल घेताना १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर ओढते. जुन्या एसएमपीएसचे कपॅसिटर फुगलेले असतील तर व्होल्टेज तिथेच खाली बसतं. ते ११.४० च्या खाली गेलं तर डिस्कचा दोष ठरवण्याआधी एसएमपीएस बदला. अपुऱ्या विजेवर लिहिलेले सेक्टर अर्धवट राहतात आणि नंतर सी५ मध्ये दिसतात, तबकडीला ओरखडाही नसताना.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का तेही बघा. येत असतील तर त्या सॉकेटला अर्थिंग नाही. कोपरीतल्या जुन्या इमारतींत हे असू शकतं. इलेक्ट्रिशियनकडून आधी ते करून घ्या.

---

घोडबंदर७

वरचे दोन्ही प्रतिसाद बरोबर आहेत, फक्त क्रम लावणं महत्त्वाचं आहे. केबल कितीही खराब असली तरी त्यामुळे सी५ वाढत नाही. सी५ तबकडीचा किंवा विजेचा, सी७ वाटेचा. तुमच्याकडे दोन्ही आजार एकाच वेळी आहेत. पण निदान नंतर, डेटा आधी. कारण निदानाची प्रत्येक चाचणी त्याच हेडकडून काम करवून घेते जे किती दिवस टिकेल माहीत नाही.

चॅनल अनइन्स्टॉल वगैरे विंडोजमधलं काहीही आत्ता करू नका. आपण पेनड्राइव्हवरून लिनक्स ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम चालवणार आहोत, तिला विंडोजच्या पीआयओशी देणंघेणं नाही, त्यामुळे डेटा काढताना तो अडथळा आपोआप बाजूला होतो.

सामान: नवी खटकीवाली सॅटा केबल दोन नग (नौपाड्यात, वाशीत कुठेही मिळतात, त्यासाठी लॅमिंग्टन रोडला जायची गरज नाही), १ टीबीची चांगली डिस्क, ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि दुसरा एखादा चालू कॉम्प्युटर. पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट (लिनक्सचा एक प्रकार) रूफस हा प्रोग्रॅम वापरून टाका.

१ टीबी डिस्क यूएसबीने लावू नका, आतच सॅटाला लावा. एच६१ मध्ये चिपसेटचा स्वतःचा यूएसबी ३ नाही. यूएसबी २ वर प्रत्यक्षात सेकंदाला ३० मेगाबाइटच्या आसपास मिळतात. ५०० जीबीला साडेचार तास लागतील. सॅटाने तेच काम दीड-दोन तासांत होतं. आजारी डिस्कचे तीन तास वाचवणं ही मोठी गोष्ट आहे. (एच६१ चे चारही पोर्ट ३ गिगाबिटचे असतात, कोणताही वापरा. इंटेलच्या ६-मालिकेत सॅटा पोर्टचा जो दोष जानेवारी २०११ मध्ये जाहीर झाला होता तो नंतरच्या चिपमध्ये काढला गेला, २०१२ च्या बोर्डवर शंका घेऊ नका.)

पीसी बंद, भिंतीवरचं बटण बंद, अर्धा मिनिट थांबा म्हणजे तबकडी पूर्ण थांबते. मग जुन्या डिस्कची डेटा केबल बदला, पोर्टही बदला, वीज-कनेक्टर दुसऱ्या तारेवरचा लावा. डिस्क आडवी, स्क्रूने घट्ट. लोंबकळत ठेवू नका. कॅबिनेटचं दार उघडं आणि टेबल फॅन डिस्ककडे.

बूट मेनूची कळ बोर्डानुसार: असूस एफ८, गिगाबाइट एफ१२, एमएसआय एफ११. ‘ट्राय’ करून मिंटमध्ये शिरा, ‘इन्स्टॉल’ला हात लावू नका.

आता पहिलं काम. फाइल मॅनेजरमधून फक्त टॅलीचा ‘डेटा’ फोल्डर दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या (मिंटच्या नव्हे). टॅली ईआरपी ९ मध्ये तो बहुतेक ‘सी’ ड्राइव्हवरच्या टॅलीच्या फोल्डरमध्ये असतो, आत १०००० सारखे पाच आकडी फोल्डर, प्रत्येक म्हणजे एक कंपनी, आणि आतल्या फाइलींचं शेपूट ९००. सगळा मिळून क्वचितच एक जीबी भरतो. एखाद्या फाइलवर अडलं तर ‘स्किप’ करा आणि पुढे जा, तिथे पाच मिनिटं झगडू नका. मग श्रीलिपीच्या नोटिसा, आणि विंडोज फोल्डरमधला ‘फॉन्ट्स’. जुन्या श्रीलिपीचा मजकूर युनिकोड नसतो, फॉन्ट गेला की नोटिशीत अगम्य अक्षरं दिसतात.

त्यानंतर पूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे एका फाइलीत जशीच्या तशी प्रत. साधन: डीडीरेस्क्यू. मिंटच्या भांडारात पॅकेजचं नाव पुढे एक जास्तीचा ‘जी’ लावून आहे. मोबाइलचं हॉटस्पॉट यूएसबीने लावलंत की उतरवता येईल.

कोणती डिस्क कोणती हे आकारावरून आणि सिरीयल नंबरवरून दोनदा ताडून बघा. उगम आणि गंतव्य उलटं झालं तर सगळं संपलं, मागे फिरणं नाही. जुनी डिस्क माउंट केलेली (फाइली बघण्यासाठी जोडलेली) नको, फाइल मॅनेजरमधून ती आधी बाहेर काढा. १ टीबी डिस्क ईएक्सटी४ ने फॉरमॅट करा. एफएटी३२ चालणार नाही, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

कमांडमध्ये तीन नावं द्यायची: उगमाची डिस्क, प्रतिमेची फाइल, मॅपफाइल (कोणती जागा वाचली, कोणती राहिली याची नोंद). मॅपफाइल १ टीबी डिस्कवरच ठेवा. पेनड्राइव्हवरून चालणारं मिंट बंद झालं की त्याच्या डेस्कटॉपवरचं सगळं पुसलं जातं. मॅपफाइल असली की वीज गेली, डिस्क अडकली, काहीही झालं तरी तीच कमांड पुन्हा द्यायची, काम थांबलं तिथून पुढे सुरू होतं. मॅपफाइलशिवाय डीडीरेस्क्यू चालवण्यात अर्थ नाही.

पहिली फेरी ‘डी’ आणि ‘एन’ हे पर्याय लावून. ‘डी’ म्हणजे मधल्या कॅशेला बगल, ‘एन’ म्हणजे खराब जागा खरवडत बसू नको. ही फेरी चांगला सगळा भाग उचलते आणि वाईट भागावरून उडी मारते. ती संपली की दुसरी फेरी, ‘एन’ काढून ‘आर’ला ३. ही फक्त उरलेल्या जागांवर तीन-तीन प्रयत्न करते.

चालू असताना कानांनी लक्ष ठेवा. अधूनमधून टक् झालं तर चालेल. सलग, ठराविक तालात टक्-टक्-टक् सुरू झालं, किंवा धातू घासल्यासारखा आवाज आला, की कंट्रोल-सी, शटडाउन, अर्धा तास विश्रांती. पुन्हा तेच झालं तर घरगुती प्रयत्न तिथेच थांबवा. हेड तबकडीला लागलं असेल तर प्रत्येक फेऱ्याबरोबर चुंबकीय थर खरवडला जातो, आणि मग स्वच्छ खोली असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्यालाही काही करता येत नाही.

---

ऐरोली_बेंच

दोन गोष्टी जोडतो, कारण कोणीतरी हे सल्ले देणारच.

डिस्क फ्रीजरमध्ये ठेवू नका. पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत गार डिस्क बाहेर काढली की आत आणि बाहेर दव धरतं. हेड तबकडीच्या वर काही नॅनोमीटरवर तरंगतं, तिथे पाण्याचा थेंब म्हणजे भिंत.

व्हिक्टोरियासारख्या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘रीमॅप’ किंवा ‘रिफ्रेश’ हे पर्याय असतात. ते सेक्टरवर लिहितात. डेटा बाहेर काढेपर्यंत त्यांना स्पर्श नको. ‘डिस्क रिपेअर’ नावाखाली जे जे मिळतं ते सगळं याच कारणाने दूर ठेवा.

आणि कोणी डिस्कचा सर्किट बोर्ड बदलून देतो म्हणालं तर नको म्हणा. तुमची मोटर फिरते, डिस्क ओळखली जाते, म्हणजे बोर्ड चालू आहे. शिवाय त्या बोर्डवरच्या छोट्या चिपमध्ये त्याच डिस्कच्या हेडची जुळणी साठवलेली असते, तसाच दिसणारा दुसरा बोर्ड लावून भागत नाही.

---

कोपरी_खजिनदार

सर्वांचे मनापासून आभार. सांगितलं तसं आणि त्याच क्रमाने केलं. निकाल देते.

बंद करण्याआधी चॅनलचा मोड बघितला होता (दुसरा प्रतिसाद वाचला तेव्हा मशीन शटडाउन होत नव्हतं, तेवढ्यात): ‘करंट मोड: पीआयओ’.

मोजमाप सगळं झाल्यावर शेवटी घेतलं. १२ व्होल्ट: सुरू होताना ११.७८, मग ११.९६. ५ व्होल्ट: ५.०४.

केबल बदलली. टॅलीचा डेटा फोल्डर ६४० एमबी, पेनड्राइव्हवर आला, १०००३ मधली एक फाइल ‘स्किप’ करावी लागली. ती कंपनी याच चालू वर्षाची आहे. नोटिसा आणि फॉन्ट पूर्ण आले.

डीडीरेस्क्यूची पहिली फेरी १ तास ५० मिनिटं. दुसरी फेरी आणखी २५ मिनिटं. शेवटी ‘बॅड एरियाज ३’, न वाचलेलं एकूण १२,२८८ बाइट.

त्यानंतरचे आकडे, दशमानात: ०५ = ४०, सी५ = २४, सी६ = २४, सी७ = ४१९.

आता प्रश्न: न वाचलेले १२,२८८ बाइट कोणत्या फाइलींतले, आणि १०००३ चं काय करायचं? ‘डी’वरची कॉपीही याच डिस्कवरची आहे, ती वापरता येईल का?

---

घोडबंदर७

फार छान निकाल आहे. १२,२८८ ला ५१२ ने भागा: २४. सी५ सुद्धा २४. ४०९६ ने भागा: ३. बॅड एरिया ३. हिशेब पुरता जुळतो. डिस्कवर तीन जागा गेलेल्या आहेत, त्यातली एक या आठवड्यातली, कारण सी५ १६ वरून २४ झाला.

सी७ ४१९ वर थांबला. हा आकडा कधी कमी होत नाही, वाढायचं थांबणं हाच त्याचा बरे होण्याचा पुरावा. साडेचारशे-पाचशे जीबी नव्या केबलवरून गेलं आणि एकही चूक नाही, म्हणजे जुनी केबल किंवा तो पोर्ट दोषी होता. व्होल्टेज सुरुवातीलाही मर्यादेत आहे, एसएमपीएसवर आळ नाही.

म्हणजे उत्तर असं: सुरू व्हायला लागणारी ७-८ मिनिटं मुख्यतः केबल आणि पीआयओमुळे, टॅली थिजणं मात्र डिस्कमुळे. केबल बदलल्यावर मशीन पळायला लागेल आणि डिस्क सुधारली असं वाटेल. तसं समजू नका. वीज नीट, केबल नीट आणि तरी सी५ वाढतोय, ही डिस्क कामातून काढायची.

खात्रीच हवी असेल तर आता, प्रतिमा हातात असताना, स्मार्टची (डिस्कच्या स्वतःच्या तपासणीची) लांब चाचणी लावा. मिंटमध्ये जीस्मार्टकंट्रोल टाका, ‘एक्स्टेंडेड’ निवडा. ५०० जीबीला दीड-दोन तास. ‘रीड फेल्युअर’ आणि एक एलबीए, म्हणजे सेक्टरचा, क्रमांक देऊन ती मध्येच थांबेल. तो क्रमांक मॅपफाइलमधल्या तीनपैकी एका जागेत पडला की शंकेला जागाच उरत नाही. मॅपफाइलमध्ये जागा बाइटमध्ये आणि हेक्समध्ये असते, त्यामुळे एलबीएला आधी ५१२ ने गुणायचं, मग हेक्स करायचं.

कोणत्या फाइली: डीडीरेस्क्यूत ‘फिल मोड’ आहे. एक छोटी मजकुराची फाइल बनवा, त्यात एकच दुर्मीळ शब्द पुन्हा पुन्हा. फिल मोडला वजाचं चिन्ह द्या, तेच मॅपमधल्या खराब सेक्टरचं चिन्ह आहे, आणि उगमाच्या जागी ही मजकुराची फाइल द्या. प्रतिमेतल्या फक्त खराब जागी तो शब्द भरला जातो. मग मिंटच्या ‘डिस्क्स’मधून प्रतिमा जोडा (‘रीड ओन्ली’ची खूण राहू द्या) आणि सगळ्या फाइलींत तो शब्द शोधा. ज्या फाइलीत सापडेल ती जखमी. दोन वेळा तपासा: दुर्मीळ शब्द खरोखर दुर्मीळ असावा.

---

नेरुळ_सेक्टर१९

टॅलीबद्दल. १०००३ मधली अडलेली फाइल कोणती ते बघा. ‘ट्रॅनएमजीआर’ असेल तर त्यात व्हाउचर असतात, ‘मॅनेजर’ असेल तर खाती. दोन्ही बाबतीत वाट सारखीच.

‘डी’वरची साप्ताहिक कॉपी प्रतिमेतून काढा, थेट जुन्या डिस्कवरून नको. एकाच डिस्कवरचा दुसरा भाग म्हणून ती धोक्यात होती, पण फिल मोडचा शब्द त्या फोल्डरमध्ये सापडला नाही तर ती शाबूत आहे. ती टॅलीचा रीतसर बॅकअप असेल तर फाइलीचं नाव टीबीके९०० ने सुरू होतं, ‘रिस्टोअर’ करा. नुसता फोल्डर कॉपी केलेला असेल तर नव्या मशीनच्या डेटा फोल्डरमध्ये तसाच ठेवा.

तीही जखमी निघाली तर प्रतिमेतल्या १०००३ ची आणखी एक प्रत करा आणि त्या प्रतीवर टॅलीच्या कंपनी इन्फोच्या पडद्यावरून कंट्रोल-ऑल्ट-आर. हे ‘रीराइट’ डेटा नव्याने बांधतं आणि जे व्हाउचर वाचता येत नाही ते गाळतं. म्हणून मूळ प्रतीवर कधीच नाही.

उघडलं म्हणजे झालं असं समजू नका. मागच्या वर्षीच्या लेखापरीक्षित ताळेबंदातल्या अखेरच्या शिल्लकी आणि यंदाच्या आरंभीच्या शिल्लकी जुळवा. बँकेच्या पासबुकाशी महिनावार शिल्लक जुळवा. मग सदस्यांची थकबाकी यादी मेंटेनन्सच्या पावती पुस्तकाशी. व्हाउचर क्रमांकांत मधले नंबर गायब आहेत का ते व्हाउचर रजिस्टरमध्ये दिसतं. गाळलेलं व्हाउचर सहसा इथेच पकडलं जातं.

---

कोपरी_खजिनदार

फिल मोडने कळलं: एक जागा विंडोजच्या पेजफाइलमध्ये (रॅमला जोड म्हणून वापरायच्या फाइलीत), एक विंडोजच्या सिस्टिममधल्या डीएलएलमध्ये (प्रोग्रॅमना लागणाऱ्या एका फाइलीत), एक १०००३ च्या ‘ट्रॅनएमजीआर’मध्ये. ‘डी’वरची कॉपी स्वच्छ आहे, नऊ दिवस जुनी. लांब चाचणी १० टक्क्यांवर ‘रीड फेल्युअर’ देऊन थांबली, एलबीए मॅपमधल्या पहिल्या जागेतच आहे. नऊ दिवसांच्या पावत्या पुस्तकावरून पुन्हा भरते.

नवीन काय घ्यायचं? आणि जुन्या डिस्कचं काय करायचं? त्यात सदस्यांची पॅन आणि आधार कार्डं स्कॅन केलेली आहेत.

---

ऐरोली_बेंच

२५६ जीबीची अडीच इंची सॅटा एसएसडी पुरेशी आहे. एच६१ चा पोर्ट तिला सेकंदाला २७०-२८० मेगाबाइटवर अडवेल, तरी जुन्या डिस्कच्या दुपटीहून जास्त. कॅबिनेटमध्ये बसवायला अडीच-ते-साडेतीनचा पत्रा लागतो, तो सोबत घ्या. जुन्या विंडोजची क्लोन करू नका, त्यातली एक डीएलएल फुटलेली आहे. नव्याने टाका.

टाकण्याआधी बायोसमध्ये सॅटा मोड ‘एएचसीआय’ (‘आयडीई’नंतरची नवी पद्धत) करा. नंतर बदललात तर निळा पडदा येतो. त्याच वेळी सीआर२०३२ बॅटरी नवी बसवा. ती मेली की बायोस मूळ सेटिंगवर, कदाचित परत ‘आयडीई’वर, जातं, विंडोज उघडत नाही आणि सगळे नव्या एसएसडीवर संशय घेतात. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि दुसऱ्या पिढीचा आय३ विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही, त्यामुळे जे काही टाकाल ते मशीन आतासारखंच इंटरनेटविना ठेवा. १ टीबी डिस्क काढून कपाटात ठेवा, सभा आणि ऑडिट होईपर्यंत प्रतिमा पुसू नका.

जुनी डिस्क: पुसण्याचं सॉफ्टवेअर चालवून भागणार नाही. बाद ठरवलेले ४० सेक्टर सामान्य लेखनाच्या आवाक्यात नसतात, आणि चालता चालता डिस्क अडकली तर पुसणं अर्धवट राहतं. साडेतीन इंची डिस्कच्या तबकड्या बहुधा अ‍ॅल्युमिनियमच्या असतात. मधल्या मोटरपासून दूर, तबकड्यांच्या आरपार, ८ मिलिमीटरच्या बिटने चार भोकं पाडा, फॅब्रिकेशनवाल्याकडे पाच मिनिटांचं काम. तुम्ही समोर उभ्या राहा. (लॅपटॉपच्या डिस्कमध्ये तबकड्या काचेच्या असू शकतात, त्यांना असं करताना चष्मा घालायचाच, तुकडे उडतात.) मग ई-कचऱ्यात द्या, भंगारवाल्याकडे नको. डिस्कचा सिरीयल नंबर आणि नष्ट केल्याची तारीख समितीच्या इतिवृत्तात लिहून घ्या, सदस्यांची कागदपत्रं होती म्हणून.